पाद्रीसाहेब बाराखडी गिरवतात

धाराशिवच्या जुन्या माणसांना परदेश समजावून सांगावा लागत नसे. १९४८ पर्यंत तो बार्शीपासून सुरू व्हायचा. धाराशिव निजामाच्या राज्यात, म्हणजे मोगलाईत. बार्शी-सोलापूर इंग्रजी मुलखात. मधे करोडगिरीचा नाका. खिशात निजामी हाली शिक्का आणि पलीकडच्या पेठेत चालणार इंग्रजी कलदार, म्हणजे शंभर कलदार हवे असतील तर एकशे सोळा-सतरा हाली मोजा. लेक बार्शीला दिली की आईबाप एका राज्यात आणि सासूसासरे दुसऱ्या. व्हिसा तेवढा लागत नव्हता. बाकी परदेशाला जे जे लागतं ते, म्हणजे नाका, नाणं, दुसऱ्या सरकारचा शिपाई आणि ‘आमच्याकडे बाई असं नसतं’ हे वाक्य, सगळं पंधरा कोसांच्या आत मिळत होतं.

आता त्याच जिल्ह्यातली पोरं दुबई, लंडन, मेलबर्न अशी गावं कळंब-भूम-परंड्याच्या चालीवर उच्चारतात. उमरगा-तुळजापूरकडचं एखादं ख्रिस्ती जोडपं निघालं की बॅग भरायला सगळी आळी जमते. तळाला पवित्र शास्त्र आणि गीतांचं पुस्तक. त्यावर येसूर, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी आणि सोलापूरची कडक भाकरी. सगळ्यात वर, निघायच्या दिवशी मावशीने आणून दिलेलं लोणचं, तीन पिशव्यांत गुंडाळलेलं. विमान कंपनी तेवीस किलोला राजी आणि काटा दाखवतो सव्वीस. मग काय काढायचं यावर बैठक बसते. पवित्र शास्त्र काढता येत नाही. येसूर काढायची गोष्ट कुणी काढत नाही. शेवटी जावयाचे बूट निघतात. ‘बूट काय, तिकडं बी मिळतेत,’ असा ठराव पास होतो आणि जावई चपलेवर परदेशी जातो.

या तयारीला हसायला हरकत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी अशीच जोडपी उलट्या दिशेने निघाली होती आणि त्यांचा परदेश म्हणजे आपण होतो. आपण कुणाचा तरी परदेश असू, आपल्या उकाड्याबद्दल, भाषेबद्दल आणि आमटीबद्दल कुणी तरी आईला घाबरून पत्रं लिहीत असेल, ही कल्पनाच मराठी माणसाला सुचत नाही. आपण आपले घरीच असतो ना!

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली परदेशी मिशनचं एक मंडळ स्थापन झालं आणि दोन वर्षांत त्याची पहिली तुकडी निघाली. निघायची घाई अशी की आपल्याकडचे मुहूर्त पाहणारे चक्रावून जावेत. अडोनिराम जडसनचं लग्न ५ फेब्रुवारी १८१२ ला झालं, ६ तारखेला सेलम गावी त्याची दीक्षा झाली आणि १९ तारखेला जहाज सुटलं. सॅम्युएल नॉट आणि सॅम्युएल न्यूवेल यांची लग्नंही त्याच आठवड्यातली. गॉर्डन हॉल मात्र सडाफटिंग निघाला. हळद उतरायच्या आत समुद्र आणि त्या समुद्रावर चार-पाच महिने. नव्या नवरा-बायकोला एकमेकांचा स्वभाव कळायला चार महिने पुरतात की नाही यावर मतभेद असतील. पण जहाजावर कुणालाच माहेरी निघून जाता येत नाही, हा भाग निर्विवाद होता.

जडसनने जहाजावर एक अभ्यास हाती घेतला. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्याचे बाप्टिस्ट सहकारी भेटणार. त्यांचा बाप्तिस्म्याबद्दलचा विचार वेगळा. तेव्हा वादात कमी पडू नये म्हणून हा गडी ग्रंथ घेऊन बसला. वाचता वाचता समोरच्याचंच त्याला पटलं. जडसन दांपत्य कलकत्त्याला उतरलं आणि सप्टेंबर १८१२ मध्ये बाप्टिस्ट होऊन मोकळं झालं. ज्या मंडळाने खर्च करून पाठवलं ते राहिलं बाजूला. दुसऱ्याचं मन वळवायला निघालेल्या माणसाने बोटीवरच स्वतःचं मन वळवून घेतल्याचा हा प्रकार मिशनच्या इतिहासात गंभीरपणे नोंदला गेला आहे. पुण्यात घडला असता तर वसंत व्याख्यानमालेला एक विषय झाला असता.

हॉल, नॉट आणि नॉटची नवी नवरी रॉक्साना ही मंडळी दुसऱ्या जहाजाने ऑगस्टात कलकत्त्याला पोचली. तिथे ईस्ट इंडिया कंपनीने स्वागत केलं ते ‘चालते व्हा’ या हुकमाने. कंपनीला व्यापार हवा होता, उपदेश नको होता. त्यात जूनमध्ये अमेरिकेने इंग्लंडशी युद्ध पुकारलं होतं. म्हणजे घरून निघाले तेव्हा पाहुणे आणि उतरले तेव्हा शत्रूच्या देशाचे नागरिक. आजच्या जोडप्याचा व्हिसा अडकतो तेव्हा ते वैतागतात. या तिघांचा तर अख्खा देशच मधल्या मधे अडकला होता.

तिघं कलकत्त्याहून मुंबईला निसटले आणि ११ फेब्रुवारी १८१३ ला इथे उतरले. मराठी मुलखातलं अमेरिकन मिशन त्या दिवसापासून मोजतात. मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने त्यांच्या बाजूचा, पण वरून आलेल्या हुकमाचा ताबेदार. हुकूम असा, की यांना इंग्लंडला जाणाऱ्या जहाजात बसवा. मग सुरू झाला अर्जांचा खेळ. गॉर्डन हॉलने गव्हर्नरला जी लांबलचक पत्रं लिहिली ती वाचून कुठल्याही तहसील कचेरीतल्या अर्जनविसाने हात जोडावेत. वर्षअखेरीस अर्ज संपले तेव्हा हॉल आणि नॉट गुपचूप जहाजाने पळाले. कोचीनला पकडले गेले आणि परत मुंबईत आणले गेले. रॉक्सानाबाई या सगळ्या धावपळीत मुंबईतच होत्या. पुरुषमंडळी धर्मासाठी पळापळ करत असताना दूधवाल्याचा हिशेब, मोलकरणीचा पगार आणि दारात येणारा सरकारी शिपाई यांना तोंड कोण देत होतं, याबद्दल मिशनच्या इतिहासात फार ओळी खर्ची पडलेल्या नाहीत. पुढे लंडनहून वारं फिरलं, १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि मंडळी राहिली.

राहिली म्हणजे आता मराठी शिकणं आलं.

हॉल-नॉट पदवीधर होते, ग्रीक-हिब्रूत मुरलेले. घरून निघताना त्यांची कल्पना अशी, की भाषा ही काय, व्याकरण घ्यावं आणि पाठ करावं. व्याकरण होतंही. केरीने १८०५ साली श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं होतं आणि १८१० साली कोशही. पण कोशातला मजकूर मोडी लिपीत. एक लिपी नीट येत नाही तोवर दुसरी समोर! शिवाय केरीच्या हाताशी जे पंडित होते ते नागपूरकडचे वैजनाथशास्त्री. त्यांच्या हाताखालची मराठी मुंबईच्या बाजारात बोलून पाहिली की ऐकणारा आदराने नमस्कार करी आणि भाव मात्र दुप्पट सांगे.

म्हणून मुनशी किंवा पंतोजी ठेवावा लागे. नवख्या मिशनऱ्याच्या पहिल्या वर्षातला सगळ्यात बडा माणूस म्हणजे हा पंतोजी. सकाळी येई, बूट घातलेल्या विद्यार्थ्यासमोर अंतर राखून बसे, त्याच्या घरचं पाणी पीत नसे आणि महिन्याच्या महिन्याला पगार मात्र घेई. पगार पाण्याने बाटत नाही. साहेबाने बाहेर जाऊन ज्याला ‘अंधारातले लोक’ म्हणायचं, त्याच अंधारातला एक गृहस्थ रोज दोन तास त्याचे ‘ट’ आणि ‘त’ दुरुस्त करत होता. ‘ळ’ काढताना साहेबाची जीभ टाळ्याला लागून परत येईना तेव्हा पंतोजी किती गंभीर चेहऱ्याने बसत असतील, त्याचं चित्र डोळ्यासमोर आणून पाहावं. आणि बाहेरच्या खोलीत बसलेला हमाल ते ऐकून किती गंभीर राहिला असेल, याचंही.

इथे एक गंमत दिसते. नवरा पंडितांकडून ग्रंथातली मराठी शिके आणि बायको स्वयंपाक्याकडून, आयाकडून, भाजीवालीकडून. वर्षाने दोघं बाजारात गेले की काम बायकोच्या मराठीने होई.

स्कॉटलंडहून आलेलं जॉन विल्सन आणि मार्गारेट हे जोडपं याचं ठळक उदाहरण. लग्न ऑगस्ट १८२८ मध्ये, मुंबईत पाऊल फेब्रुवारी १८२९ मध्ये आणि मग भाषा शिकायला मुक्काम कोकणात, बाणकोट-हर्णैला. एडिंबरोच्या धुक्यातून निघालेल्या माणसांनी पहिला उन्हाळा कोकणात काढायचा म्हणजे घामोळ्यांची परीक्षाच. विल्सन काही महिन्यांत मराठीतून बोलू लागले ते पुढे विल्सन कॉलेजपर्यंत पोचले. त्यांचं नाव गिरगाव चौपाटीसमोर आजही उभं आहे. पण मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या त्या वर्षा-दोन वर्षांतच. मुलींना शाळेत पाठवा हे आईबापांना पटवायला जी मराठी लागते ती व्याकरणात सापडत नाही. त्यासाठी ओट्यावर बसून चौकशा कराव्या लागतात. १८३५ साली त्या मुंबईतच वारल्या. पत्रं मागे राहिली, ती नवऱ्याने पुस्तकरूपाने छापली.

घरात पाऊल टाकलं की दुसरी परीक्षा. न्यू इंग्लंडच्या शेतकरी घरातली मुलगी. स्वतः भांडी घासलेली, स्वतः लाकूड फोडलेलं. मुंबईत तिच्या दारात नोकरांची रांग. स्वयंपाकी, हमाल, मशालची, भिस्ती, धोबी, आया. ‘एवढे कशाला, दोन पुरेत’ असं म्हणून पाहावं तर कळे की ही माणसं जास्त नाहीत, कामं वाटलेली आहेत. दिवा पुसणारा पाणी भरणार नाही. पाणी भरणारा ताट उचलणार नाही. ताट उचलणारा केर काढणार नाही. आणि एखादं मांस एकाला चालत नाही तर दुसरं दुसऱ्याला. सगळी माणसं देवाची लेकरं आहेत असा उपदेश करायला आलेल्या बाईला आधी घरातल्या सहा लेकरांचा जातवार तक्ता पाठ करावा लागे. चिडून तिने एकदा स्वतः झाडू हातात घेतला की घरात असा सन्नाटा पसरे की त्यापुढे रविवारच्या प्रार्थनेची शांतता काहीच नाही. मडमेने झाडू घेतला म्हणजे कुणाची तरी नोकरी गेली, हे सगळ्यांना कळत होतं, एका मडमेला सोडून.

जेवणाचं वेगळंच. मंडळी बहुतेक दारूच्या कट्टर विरोधातली. पण त्या काळी मुंबईकडे पाव फुगवत ताडी घालून. म्हणजे सकाळी उठून मद्यपानाविरुद्ध चार शब्द लिहायचे आणि ते लिहिताना ताडीवर फुगलेला पाव चहात बुडवायचा. आणि १८३४ साली तर कहर झाला: बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ जहाजात भुशाखाली दाबून मुंबईत उतरला. बोस्टनच्या थंडीतून निघून घामाच्या धारांत बसलेल्या अमेरिकनाला त्याच्याच गावचा बर्फ मुंबईच्या बंदरावर विकत मिळू लागला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आईस्क्रीम वाढलं आणि खाणाऱ्यांसकट यजमानांनाही पडसं झालं, असं तेव्हाच्या मुंबई समाचारच्या हवाल्याने अजून सांगतात. परदेशी वस्तूने आधी पडसं व्हावं आणि मग तिची सवय लागावी, हा क्रम तेव्हापासूनचा.

पत्राला अमेरिकेत पोचायला चार-सहा महिने. मुलाला दात येतोय, काय करू, असं आईला विचारावं. उत्तर येईपर्यंत ते पोर त्याच दातांनी पंतोजींचं पुस्तक कुरतडत असे.

हे हसण्यावारी नेलं तरी त्या पहिल्या तुकडीचा हिशेब कठोर आहे. न्यूवेलची बायको हॅरिएट, कलकत्त्याहून हुसकावली गेलेली, १८१२ सालीच मॉरिशसला वारली, वय एकोणीस. न्यूवेल मुंबईत कॉलऱ्याने १८२१ मध्ये गेला, हॉल १८२६ मध्ये. नॉट पती-पत्नी आजारपणाने १८१५ सालीच परतली.

जी राहिली त्यांनी जम बसवला. नगरला ठाणं झालं, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघालं, शाळा निघाल्या. गाण्याचं मात्र बरेच दिवस जमेना. विलायती चालीत मराठी शब्द बसवायचे म्हणजे बूट घालून नऊवारी नेसल्यासारखं. चालायला येतं, पण बघणाऱ्याला अवघडतं. ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण होई, देव वरच्या पट्टीत जाई आणि मंडळी खालच्या पट्टीत राहत. शेवटी नगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे टाळ-मृदंग घेऊन कीर्तनाला उभे राहिले आणि पुढे ना. वा. टिळकांनी अभंग-ओव्यांचा मार्ग मोकळा केला. परदेशी माणसाने हार मानली की देशी माणूस गातो.

धाराशिव जिल्ह्यात राहून गेलेला नामांकित परदेशी मात्र मिशनरी नव्हता, तो कारभारी साहेब मेडोज टेलर. निजामाने १८५३ साली इंग्रजांकडे दिलेल्या भागाचा कारभार तो नळदुर्गाहून पाहत होता. तिथे असतानाचं तुळजापूर त्याच्या डोक्यात इतकं बसलं की १८६३ ची त्याची ‘तारा’ ही कादंबरी तिथूनच सुरू होते. हा गडी १८२४ साली पंधराव्या वर्षी मुंबईला एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आला आणि येऊन पाहतो तर व्यापारी बुडालेला. परदेशातल्या पहिल्या महिन्याचा याहून स्वच्छ नमुना नाही. पण नळदुर्गाला आला तेव्हा बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यामुळे नळदुर्गाच्या नर-मादी धबधब्याखाली साहेब-मडमेचं भांडण झाल्याची नोंद या जिल्ह्याच्या वाट्याला आली नाही.

आता उलटी बाजू. आपली ख्रिस्ती माणसं तिकडे गेली तेव्हा काय झालं?

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला वाँटेजच्या जोगिणींकडे गेल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यजमानणींना वाटलं, आता बाई आपल्या झाल्या. बाई ख्रिस्ती झाल्या, पण मांसाहार नाही म्हणजे नाही. क्रॉसवरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, असा सरळ प्रश्न त्यांनी केला. जोगिणींना हा जातीचा अवशेष वाटला. रमाबाईंना तो साधा प्रश्न वाटला. मठात शिस्त शिकवायला बसलेल्या मंडळींना पहिल्या काही महिन्यांत उत्तरं शोधायची शिस्त लागली असणार.

त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. त्या हिंदू होत्या आणि शेवटपर्यंत हिंदू राहिल्या, पण धर्मांतराची आशा बाळगून भेटणाऱ्यांचा तोटा नव्हता. त्यांचे पती गोपाळराव मागाहून तिकडे गेले आणि अमेरिकनांना त्यांच्याच देशात व्याख्यानं देऊन त्यांच्या धर्माचे वाभाडे काढू लागले. हेच गोपाळराव १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान ठरवतात, लोकमान्य टिळक-रानडे प्रभृतींपुढे चहा-बिस्किटं ठेवतात आणि मग कोण कोण हजर होतं त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणतात. पुण्यात त्यावरून ग्रामण्य पेटलं, प्रायश्चित्तं झाली. आनंदीबाईंना परदेशी जायला दोन महिने समुद्र लागला. पुणेकरांना एक कप चहा पुरला.

खरं ख्रिस्ती जोडपं गेलं ते सुमंतराव विष्णु करमरकर आणि गुरुबाई. १८८८ साली दोघं अमेरिकेला निघाले. सुमंतराव धर्मशास्त्र शिकायला हार्टफर्डला आणि गुरुबाई वैद्यक शिकायला फिलाडेल्फियाला, आनंदीबाईंच्याच कॉलेजात. म्हणजे सातासमुद्रापार एकत्र जाऊन संसार दोन गावांत. मधे तीनेकशे किलोमीटर आणि दोघांनाही परीक्षा. परदेशात नवरा-बायकोला एकमेकांना सांभाळून घ्यावं लागतं असं म्हणतात. इथे एकमेकांना पोस्टाने सांभाळून घ्यावं लागलं. गुरुबाई १८९२ साली डॉक्टर झाल्या, त्या कॉलेजातल्या दुसऱ्या भारतीय महिला. पुढच्या वर्षी दोघं परतले आणि गुरुबाईंनी मुंबईत मराठी मिशनच्या दवाखान्यात दोन दशकांहून अधिक काळ रोगी तपासले.

काहींना तर परदेशी जायला बोटीची गरजच पडली नाही. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि काही वर्षांनी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे नगरला राहायला आल्या, त्या सोवळं बरोबर घेऊनच. तीच मराठी, तेच आकाश, तीच ज्वारी. पण कुणाच्या हातचं पाणी प्यायचं हे ठरवताना नगर शहर लंडनपेक्षा लांब झालं. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलीत त्यांना माहीत आहे, की तत्त्वज्ञान टिळकांनी सांगितलं आणि संसाराला ते कसं लागू करायचं हे लक्ष्मीबाईंनी शोधून काढलं.

आणि आता आज. जावई चपलेवर विमानतळावर उतरला होता, त्याला फार वेळ उभं ठेवणं बरं नाही.

आजच्या जोडप्यात पुष्कळदा आधी व्हिसा मिळतो तो बायकोला, कारण ती नर्स. डॉक्टर वॉनलेस आणि त्यांची पत्नी १८८९ च्या सुमारास या भागात आली, १८९४ मध्ये मिरजेचं इस्पितळ उभं राहिलं, आणि अशा मिशन इस्पितळांच्या नर्सिंग शाळांनी मराठी ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी मुलींच्या हाताला काम दिलं. तेव्हा डॉक्टर तिकडून इकडे आले. आता नर्स इकडून तिकडे जाते. नवरा तिच्या मागे, ‘अवलंबित’ या शिक्क्यावर. उमरग्यात ज्याने स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही, त्याच्या व्हिसात आता त्याच्याबद्दलची खरी माहिती नोंदलेली असते.

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून बायकोची नोंदणी व्हायच्या आधी तिची प्रात्यक्षिक परीक्षा होते. दहा वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई एका पुतळ्यासमोर उभी राहते, ‘माझं नाव अमुक, मी आज तुमची नर्स आहे’ असं त्याला सांगते, हात कसे धुवायचे ते परीक्षकाला दाखवते. पुतळा काही बोलत नाही. हर्णैला विल्सनसाहेब ‘ळ’ घोटत बसले होते त्या बाकावर आता ही बसली, एवढाच फरक.

घरी नवरा भाकरी शिकतो. ज्वारीचं पीठ गुजराती दुकानात मिळतं, ‘जुवार’ या नावाने. पीठ जुनं, त्यामुळे विरी गेलेली. थापताना कडा फाटतात. उकळतं पाणी घालून मळायचं हे आई व्हिडिओ कॉलवर सांगते, पण फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, त्यामुळे आईला फक्त छत दिसतं. ‘आरं, परात दाव की लेका, पंखा काय दावतूस!’ शेगडी काचेची, जाळ नाही. भाकरी तव्यावरून काढून टाकायची कुठे? तो ती तशीच काचेवर उलटी करतो. भाकरी फुगत नाही, धूर मात्र फुगतो आणि छताला लावलेलं यंत्र बोंब मारू लागतं. मग एक जण टॉवेल हलवतो, एक जण खिडकी उघडतो, आणि बाहेर दोन अंश तापमान.

रविवारी चर्च. जाताना दोघांच्या मनात असं, की आता आपण आपल्या माणसांत चाललो. आत सतरा-अठरा माणसं, बहुतेक पिकल्या केसांची. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्क्यांवर आले, अर्ध्यापेक्षा कमी. गावाकडे उपासना दीड-दोन तास, त्यानंतर पाळकसाहेबांच्या सूचना अर्धा तास. इथे बारा मिनिटांत उपदेश आणि चहा तयार. चहावर एक म्हातारी प्रेमाने विचारते, ‘तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?’ नवऱ्याच्या घरात चौथी पिढी चालू. तो हिशेब सांगायला सुरुवात करतो तोवर बिस्किटं संपतात. ऑक्टोबरात शेजारी दार वाजवून दिवाळीच्या शुभेच्छा देतात. आधी वाटतं, सांगावं यांना. मग लक्षात येतं की शेजारी चकलीचा डबाही घेऊन आलेत. शुभेच्छा स्वीकारल्या जातात. गावाकडे नाताळला करंज्या-शंकरपाळे होतातच. फराळाने कधी दाखला मागितलेला नाही.

दुबईला गेलेल्यांची तऱ्हा निराळी. संयुक्त अरब अमिरातीत २०२१ अखेरपर्यंत आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी, म्हणून चर्चला गर्दीही शुक्रवारी. रविवारी ऑफिस. धाराशिवच्या माणसाला शुक्रवार म्हणजे तुळजाभवानीचा वार. घरी फोन लावला की पलीकडे तुळजापूरच्या गर्दीची बातमी आणि अलीकडे चर्चच्या पार्किंगची. सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि मंडळींना परत नव्याने सवय करावी लागली.

दोनशे वर्षांच्या या उलटसुलट वाहतुकीत एक गोष्ट मात्र ठरलेली दिसते. पहिल्या सहा महिन्यांत नवरा परदेशाबद्दल मत बनवत असतो आणि बायको परदेशात राहायला लागलेली असते.

गॉर्डन हॉलच्या काळापासूनची त्या अमेरिकन मंडळाची पत्रं अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात नीट जपून ठेवलेली आहेत. आपल्या जोडप्यांचे पहिले सहा महिने व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपांत असतात आणि फोन भरला की आधी तेच पुसले जातात. तेव्हा ज्यांची मुलं-सुना बाहेर आहेत त्यांनी एवढं करावं: पुढच्या वेळी सूनबाईचा फोन आला आणि भाकरी का फाटते म्हणून तिने विचारलं, की उत्तर द्यावं आणि मग एका वहीत तारीख घालून प्रश्न लिहून ठेवावा. उत्तर नाही लिहिलं तरी चालेल.